रिकाम्या मापाची रेघ

लता, लग्न होऊन मी घर सोडलं त्या सकाळी तू चौकट धरून उभी होतीस आणि कुणी जवळ आलं की तोंड फिरवत होतीस. जीप रस्त्यावर येऊन थांबली होती. पाहुणे बसले होते, सामान चढलं होतं, आणि सगळे आईसाठी खोळंबले होते. आई आत ज्वारी मोजत होती.

मला ते चित्र अजून तसंच दिसतं. आई कणगीपुढे उकिडवी बसलेली. मापटं शिगेपर्यंत भरायचं, पोत्यात ओतायचं, पुन्हा भरायचं. पहिलं माप ओतताना ती मोठ्याने म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन. धान्य मोजताना आपल्या घरात "एक" कधी कुणी म्हटलंच नाही. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं, असं आई सांगायची. ते एकटं येऊ नये, लाभ होऊन यावं. बाहेरून कुणीतरी "उरका, उरका" म्हणत होतं, पण तिने मान वर केली नाही. मोजताना बोललं की माप मोडतं, हेही तिचंच. शेवटचं माप ओतलं आणि ते रिकामं मापटंही तिने पोत्यात घातलं.

"तितं कुनाच्या मापानं खाशील?" एवढंच म्हणाली. रडली नाही. रडत मी होते, आणि तू.

हे तुला फोनवर सांगायला जाते तेव्हा माझं बोलणं आखडतं. मला चारचौघांत काय, फोनवरसुद्धा नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. आईचं आजारपण तुला कळलं, ती गावी परत गेली हेही कळलं. मधलं कुणी सांगितलं नाही. तू नातेपुत्याला तुझ्या आजारी सासऱ्यांपाशी अडकलेली होतीस, आणि मी सांगणारी नव्हे.

सोलापूर मला पहिल्यांदा कानांनी कळलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुझे दाजी टॉवेलच्या मागावर लागले होते, आणि आमची खोली त्या बाजूच्या वस्तीत. दिवसभर खटाखट. पहिले काही दिवस मला वाटायचं, गल्लीच्या पलीकडे कुणीतरी न थकता कांडतंय. मग त्या आवाजाची इतकी सवय झाली की वीज गेली आणि माग थांबले की मी दचकायचे. दाजी घरीसुद्धा मोठ्याने बोलायचे, कारण कारखान्यात तसंच बोलावं लागतं. मला आधी वाटलं, माझ्यावर रागावलेत.

दुसरी गोष्ट आकड्यांची. गावात आकडे माणसांच्या तोंडात होते. इथे ते भिंतीवर, दारावर, बसच्या कपाळावर, गॅसच्या टाकीवर, सगळीकडे लिहिलेले. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा वैरागला होती आणि आपल्याकडून तिकडे मुली जात नव्हत्या. चौथीत शिकलेले माझे आकडे मराठी, इथले सगळे इंग्रजी. आपल्या शाळेतला एक इथल्या नवासारखा दिसतो. त्यामुळे तुला फोन लावताना मी एकाच्या जागी नऊ दाबायचे. कुणातरी पुरुषाचा आवाज आला की घाबरून बंद करायचे. नंतर मी फोन शेजारणीपुढे धरायला लागले. दरवेळी कुणाला म्हणायचं, "एवढा लावून देता का?" हे मला आकड्यांपेक्षा जड जायचं. म्हणून तुला माझे फोन कमी यायचे. तुला वाटलं असेल, ताई शहरात गेली आणि विसरली.

शेजारीण म्हणजे नरसम्माअक्का. तेलुगू बोलणाऱ्या, सासरी-माहेरी मागावरचीच माणसं. आम्ही दोघी घरी बसून टॉवेलचे निघालेले दोरे कापायचो, घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधायचो. त्या "ओकटी, रेंडू, मूडू" करत मोजायच्या, मी "लाभ, दोन, तीन." त्यांना माझ्या मोजण्याचं फार हसू यायचं. एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडं एक न्हाईच की. मग तुमचं सगळं एकानं कमी पडतंय काय?" मीही हसले. त्यांच्या थट्टेत किती खरं होतं ते पुढे कळलं.

आईच्या पायाची जखम भरेना, म्हणून गेल्या साली तिला इथे आणलं. सरकारी दवाखान्यात तिची साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरीणबाईंनी कपाळालाच हात लावला. गोळ्यांनी भागेना. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन, वीस घ्यायचं, असं ठरलं. पुढे ते कमी-जास्त होत राहील, हेही सांगितलं.

वस्तीतल्या जयाताई रोज सकाळी येऊन सुई भरून द्यायच्या. त्या बालवाडीतून रिटायर झालेल्या आणि वस्तीतल्या निम्म्या पोरांची नावं त्यांनीच शाळेत घातलेली. आईच्या पोटाशी चिमूट धरून सुई टोचायचं काम मी लवकर शिकले, पण भरायला माझा हात धजेना. त्या बारीक आकड्यांकडे बघितलं की सगळ्या मुंग्या चालायला लागायच्या.

जखम भरली आणि आईचे हाल सुरू झाले. तिला इथे काय कमी होतं? दाजी तिला आईसारखं मानत होते, भाकरी तिच्या हाताची मागून खात होते. पण तिच्या हाताला काम नव्हतं. तिने माझी भांडी घासून घासून आरशासारखी केली. मग उंबऱ्यात बसून गल्लीकडे बघत राहायची. एके दिवशी मला विचारलं, "मंगे, हितली सावली कुटं जाती?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आपल्या अंगणातल्या दगडावर सावली कुठे आली ते बघून ती वेळ सांगते. शेळ्या सोडायच्या कधी, चूल पेटवायची कधी. इथे घराला घर चिकटलेलं. सावली पडते ती हलतच नाही, दिवसभर गल्लीत तशीच. माझ्या आईला किती वाजले तेच समजत नव्हतं, लता. दिवस कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं.

"तुझ्यात राहायला वंगाळ वाटत न्हाई मला," ती म्हणाली. "पर तितं दार लावलंय. लई दिस दार लावलं की घर माणूस इसरतं."

शेळ्या शेजारी ठेवल्या होत्या, पण किती दिवस ठेवणार? आईला गावी पाठवता येईल का, असं मी दवाखान्यात विचारलं. विचारलं म्हणजे तुझ्या दाजींनी विचारलं, मी मागे उभी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गावी रोज सकाळी कोण सुई भरून देणार आहे? कुणी नाही. नर्सबाई आठवड्यातून कधीतरी येते. मग आजींना स्वतःची सुई स्वतः भरता आली पाहिजे. पुढच्या तारखेला माझ्यासमोर भरून दाखवा, बरोबर आली तर घरी. नाहीतर मुलीकडेच राहायचं.

आई परत येताना रिक्षात औषधांची पिशवी मांडीवर धरून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "मला आकडं कुटं येत्यात?" आणि दाराकडे तोंड करून बसली. तेव्हा मला वाटलं, आपलं घर गेलं. तू नातेपुत्याला, मी इथे, आणि आता आईही इथे. मग वैरागकडे जायची एसटी आपल्यासाठी कशाला थांबेल?

जयाताई दुपारी विहारात बायकांचा वर्ग घेतात. मी तिथे जात होते, पण चपला काढतात त्या दाराशीच बसायचे. शाळेसारखा तो वर्ग नव्हताच. पाटी नाही, पुस्तक नाही. एकच रीत होती: येताना घरातली, जिच्यावर आकडे आहेत अशी कोणतीही वस्तू आणायची. कुणी शिलाईची टेप आणायचं, कुणी तिकीट, कुणी ताप बघायची नळी. हुस्नाचाची एकदा भिंतीवरचं घड्याळच काढून घेऊन आल्या. ते त्यांच्या घरी लग्नापासून होतं, पण त्यांना ते शोभेचं वाटायचं. वेळ त्या कारखान्याच्या भोंग्यावर धरायच्या. जयाताईंनी मोठा काटा दाखवला आणि म्हणाल्या, नुसतं बघत बसा. चाची बघत बसल्या. बाकीच्या टेपवर बोटं ठेवत होत्या, आणि चाची घड्याळ मांडीवर घेऊन गप्प. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "चलरा मां ये. सच्ची चलरा." इतकी वर्षं तो काटा त्यांच्या भिंतीवर चालत होता आणि कुणी त्याला चालताना पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

हॉलमध्ये एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. मागावर टॉवेलच्या कडांच्या पट्ट्या कापून टाकतात, त्या विणून नरसम्माअक्कांनी ती केली होती. तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावलेले, सारख्या अंतरावर. आम्ही एकेक चिमटा धरून पुढे सरकत मोजायचो, जिला जी भाषा येते त्या भाषेत. ओकटी, रेंडू. एक, दो. अक्कलकोटकडची एक सून होती, ती कानडीत वंदु, एरडु. नुसता कालवा व्हायचा. पण दहाव्या चिमट्याशी सगळ्या एकदम थांबायच्या. मला त्याचं फार नवल वाटलं, लता. एवढ्या वेगळ्या वाटांनी निघालेल्या बायका, कुणाची कुणाला भाषा कळत नाही, आणि सगळ्या येऊन पोचल्या त्याच एका चिमट्यापाशी.

दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती. नरसम्माअक्कांनी विचारलं, पुढं काय? जयाताई म्हणाल्या, दोरी संपली, आकडे नाही. ते खिडकीतून बाहेर गेले, मागांच्या वरून, अक्कलकोटच्या पुढे, आणि चाललेच आहेत. सगळ्या हसल्या. मी मात्र त्या दिवशी घरी जाताना वर बघत गेले.

या वर्गात मी आईला घेऊन गेले. तिने आत येऊन आधी बुद्धमूर्तीला हात जोडले, मग दोरीला हात लावून ती घट्ट आहे का ते बघितलं. "शेरडं बांधाया चांगली हाय," म्हणाली. बायका हसल्या आणि ती त्यांची होऊन गेली. मी वर्षभर दाराशी बसले होते, आई पहिल्याच दिवशी मधोमध जाऊन बसली.

आमची वस्तू होती रिकामी सुई, पुढची टोचणी काढलेली. आईला त्यावरचे आकडे दिसत नव्हते, दिसले तरी कळत नव्हते. पण रेघा चांगल्या दिसायच्या. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर माझ्यापेक्षा बरी. रेघ अन् रेघ नखाने दाखवायची. जयाताई म्हणाल्या, आकड्यांचं राहू द्या. एका रेघेला एक, अशा वीस रेघा मोजा, आणि तिथपर्यंत हा काळा दट्ट्या ओढा. नुसती खूण करून देता आली असती, पण रोज सुई नवी, आणि डॉक्टरीणबाई आकडा बदलणार होत्या. मोजता आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आईला मोजणं नवं नव्हतं. बोटांच्या पेरांवर ती झरझर मोजते. वीस झाले की एक इसा, चाळीस म्हणजे दोन इसा. तिने नख रेघांवरून नेलं, ओठ हलवले, दट्ट्या ओढला आणि सुई जयाताईंपुढे धरली.

एक कमी.

पुन्हा केलं. एक कमी. दुसऱ्या दिवशीही एक कमी. जयाताई म्हणाल्या, आणखी एक पुढे घ्या, तर आई पुन्हा पहिल्या रेघेपासून मोजून तिथेच येऊन थांबली, कारण तिला आपलं मोजणं चुकलंय हे मान्यच नव्हतं. "जलमभर मापं मोजली म्यां," ती म्हणाली. "कदी कुनाच्या पोत्यात एक कमी पडलं न्हाई."

नरसम्माअक्का म्हणाल्या, "त्यो आजींचा लाभ खातोय एक." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. जयाताईंनीही थट्टा थांबवली. त्या म्हणाल्या, एकाने लगेच काही होणार नाही, पण चूक कुठे होते तेच सापडलं नाही, तर उद्या आकडा बदलल्यावर किती चुकेल कोण सांगणार? अशी सुई हातात देऊन मी आजींना एकटं पाठवणार नाही. हे त्या आईच्या पाठीवर हात ठेवून बोलल्या, तरी आईचा चेहरा उतरला.

मला तर आणखीच भीती वाटली. कारण घरी मी एकटीने तीच सुई घेऊन मोजून पाहिलं, आणि माझंही एक कमी आलं. मी आईसारखंच मोजत होते. एकीची चूक दुसरीला दिसेना, कारण दोघींची चूक एकाच कणगीतली होती.

तारीख जवळ आली. आईने आपलं गाठोडं बांधायला घेतलं होतं, ते सोडून ठेवलं. साड्या घड्या करून माझ्या फळीवर ठेवल्या. तिने असं न सांगता फळीवर साड्या ठेवल्या ते मला फार लागलं. मी भाकरीसाठी पीठ काढत होते. मापटं पिठात घालण्याआधी हातात नुसतंच धरून उभी राहिले. तेच, आईने पोत्यात घातलेलं. आतून गुळगुळीत झालेलं, रिकामं. मी किती वेळ तशी उभी होते, कुणास ठाऊक. पीठ राहिलं, आणि मी मापटं पदराखाली घेऊन वर्गाला गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दाराशी बसले नाही. जयाताईंना काही सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी सरळ आईपुढे जाऊन बसले आणि रिकामं मापटं तिच्यापुढे धरलं.

"आये, हे काय हाय?"

"मापटं. माजंच की."

"मग म्हण की, लाभ."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "खुळी का काय तू? रिकाम्या मापाला कुनी लाभ म्हनतं व्हय? भरल्याबिगार लाभ कसला?"

मी सुई तिच्या हातात दिली.

तिने नेहमीसारखं नख पहिल्या रेघेवर ठेवलं. लाभ म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. बाहेर माग चालू होते, एवढाच आवाज. आईने नखाखालच्या त्या रेघेकडे बघितलं, मग मापट्यात डोकावून बघितलं, पुन्हा रेघेकडे. तिचा आवाज इतका हळू आला की पुढे वाकावं लागलं.

"मंजी हितं आजून काय बी न्हाई."

नख पुढच्या रेघेवर गेलं. "लाभ हितं."

जयाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आई पुन्हा मागे आली, त्या पहिल्या रेघेवर नख फिरवत बसली. देवळातल्या मूर्तीच्या पायावरून बोट फिरवावं तसं.

"काय बी न्हाई, त्याला बी रेघ वडलीया," ती म्हणाली. "केवडं डोस्कं आसंल त्या मानसाचं."

लता, मी चौथीपर्यंत शून्य गिरवलं. पाटीवर किती शून्यं काढली असतील. पण ते काय असतं ते मला त्या दुपारी कळलं, आणि कळवलं आपल्या कधी शाळेत न गेलेल्या आईने. काहीच नाही, पण त्यालाही जागा आहे. सगळं मोजणं तिथूनच उठतं. मी नरसम्माअक्कांकडे बघितलं, तर त्या दोरीजवळ जाऊन पहिल्या चिमट्याच्या अलीकडे, खिडकीच्या गजापाशी हात लावून उभ्या होत्या. तिथे आजवर कुणी चिमटा लावलाच नव्हता. आम्ही सगळ्याच एकापासून सुरू करत होतो. त्यांनी आपल्या केसांतली पिन काढून तिथे दोरीत खोवली.

मग आईने सुई भरली. लाभ, दोन, तीन, नख चालत गेलं आणि थांबलं. "इसा," ती म्हणाली. जयाताईंनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवली. बरोबर वीस. आईने उरलेल्या रेघाही मोजल्या, तिला तिथे थांबवेना. शेवटच्या रेघेवर आली आणि तिचा चेहराच बदलला.

"दोन इसा. मंगे, ही सुई आपल्याच हिशेबाची हाय की."

खरंच चाळीसची सुई आहे ती. मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी कारखान्यात, कुणी अनोळखी माणसांनी बनवलेली वस्तू, आणि तिच्या पोटात आपल्या आईचे दोन इसा बसले होते.

तारखेला आईने डॉक्टरीणबाईंसमोर सुई भरली. मोजताना बाईंनी काहीतरी विचारलं, तर आईने मान वर केली नाही. मोजताना बोललं की माप मोडतं. सुई भरून झाल्यावर तिने उत्तर दिलं. बाईंनी सुई उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "आजी, जा घरी."

या वेळी दारात उभी राहणारी मी होते आणि निघणारी आई. गाठोडं बांधताना तिने फळीवरच्या साड्या काढल्या तेव्हा मी आनंदाने रडले. मी बरोबर जाऊन तिला सोडून आले. दार उघडलं, जाळी झाडली, शेळ्या आणल्या. औषधाच्या बाटलीसाठी ओल्या वाळूत मडकं पुरलं, जयाताईंनी सांगितलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावली दगडाच्या कडेला आली तशी आई उंबऱ्यात बसली, पहिल्या उजेडाकडे तोंड करून, आणि सुई भरली. मी पलीकडे उभी होते. तिने मला बघायलासुद्धा बोलावलं नाही. तरी मी मोजत होते, मनात, तिच्या नखाबरोबर.

मी परत निघाले तेव्हा तिने पुन्हा ज्वारी मोजून दिली. मी म्हटलं, आता गहूच खातो आम्ही जास्त. ती म्हणाली, "माप रिकामं धाडायचं नसतंय." मग माझ्याकडे बघून हसली. आम्हा दोघींना एकच गोष्ट आठवली होती.

आता रोज सकाळी मी तिला फोन लावते. स्वतः लावते, आता तुझाही मीच लावते, नऊ आणि एक ओळखून. ती एवढंच सांगते, "इसा झाला." मध्यंतरी डॉक्टरीणबाईंनी दोनने कमी केलं, तर म्हणाली, "इसाला दोन कमी झालं." तिला अठरा म्हणायची गरजच नाही. मग शेळ्यांचं सांगते, कुणाकडे काय झालं ते सांगते. मागे कोंबडी ओरडते. तो आवाज ऐकला की मला कळतं, दार उघडं आहे.

वर्गात नवीन बायका येतात. दाराशी बसतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते. मला अजून फार बोलता येत नाही. मी त्यांना दोरीपाशी नेते आणि नरसम्माअक्कांची ती केसांची पिन दाखवते. म्हणते, इथून. इथे अजून काही नाही, भ्यायचं काही नाही. त्या पिनेला हात लावतात, हसतात, आणि एक पाऊल पुढे सरकतात.

तू विचारतेस ना, ताई, तुला आता आपलं घर कुठलं वाटतं, तिथलं की इथलं? इतकी वर्षं मला सांगता येत नव्हतं. आईच्या कणगीतून निघालेली बाई मी. तिथून निघाले, आणि मग इथे एकेक करून सगळं भरत गेलं: ही खोली, दाजी, अक्का, हा वर्ग. तिथलं घर या भरण्यात कुठेच मोजलेलं नाही. पण सुईवरच्या पहिल्या रेघेसारखं नख आधी तिथेच ठेवावं लागतं.

संध्याकाळी भाकरीला पीठ काढताना मी मापटं हातात घेते आणि पिठात घालण्याआधी क्षणभर थांबते. रिकामं असतं ते. त्यात आपलं अंगण असतं, दगडावरची सावली, चौकट धरून उभी असलेली तू. तेवढं बघते. मग माप भरते, परातीत ओतते आणि मोठ्याने म्हणते, लाभ.